पाणी ओसरल्याची घंटा

१८ डिसेंबर, नाशिक

टण्ण… टण्ण… टण्ण. मग जरा थांबून घणघणघणघण.

आज पहाटे हा आवाज कानात घेऊनच जागा झालो. शाळेच्या आवारात टांगलेला रुळाचा तुकडा आणि माझ्या हातातली लोखंडी सळई. अडतीस वर्षं हा आवाज मी काढला. मुलं म्हणायची, गेणूमामांची शाळा सुटल्याची घंटा फार गोड वाजते. खरं तर रूळ तोच, सळई तीच. पण ती घंटा देताना मीही थोडा सुटत असे, त्याचा गोडवा असेल.

शिपायाला कोणी शिकवत नाही, पण सहावी 'अ'च्या दाराबाहेर माझं स्टूल होतं. मराठीच्या बाई कविता म्हणू लागल्या की मी डोळे मिटून घ्यायचो. त्यातली एक अजून मला सोडत नाही.

हिमात निजले नगर चिमुकले,
मनोऱ्यात परि घंटा जागी;
दोर धरी जो हात एकदा,
सोडुनि जाइल कसा अभागी!

कवी कोण, ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. पुस्तकाचं ते पान नेमकं तिथंच फाटलेलं.

आता खरी गोष्ट लिहितो. वहीत तरी खोटं कशाला? गेल्या महिन्यात मी दूध गॅसवर ठेवलं आणि या ओळींच्या नादात गॅलरीत जाऊन बसलो. भांडं जळालं. पडदाही थोडा जळाला. शेजारच्या नवसाबाईनं तिच्या जावयाकडून दार फोडून घेतलं. "मामा, लय धूर झाला व्हता, अन् तुम्ही आपले गाणं म्हणत बसले!" गाणं नव्हतं, कविता होती. तसं मी तिला सांगितलंही. तरी तिनं जर्मनीला निकिताला फोन केलाच.

निकिता माझी एकुलती एक मुलगी. आठ दिवसांत येऊन उभी राहिली.

"बाबा, उद्या तुम्हाला काही झालं तर दाराशी कोण येणार आहे?"

"नवसाबाई."

"ती काय रोज दार फोडत बसेल?"

दोन महिने माझ्याकडे चला, मग घराचं बघू, म्हणाली. 'बघू' म्हणजे विकू, एवढं शिपायालाही कळतं.

नवसाबाईनं संक्रांतीचे लाडू आत्ताच करून डब्यात भरून दिले. "तिकडं तीळ मिळत्यात का नाय, कोणाला ठाव."

२ जानेवारी, जर्मनी

इथं सगळं बटणावर चालतं. शेगडीलासुद्धा ज्योत नाही. मी दूध ठेवलं तर शेगडी स्वतःच शिटी मारते आणि बंद होते. निकिता खुश आहे. मला शाळेतल्या त्या विजेच्या घंटेची आठवण झाली. मी निवृत्त झालो त्या दिवशी हॉलमध्ये शाल-श्रीफळ चाललं होतं. भाषणं लांबली, आणि बाहेर नवी विजेची घंटा आपोआप वाजून शाळा सुटली. माझी शेवटची घंटा राहूनच गेली. कोणाच्या लक्षात आलं नाही. मीही बोललो नाही. नारळ हातात असताना माणूस काय बोलणार!

पण आज एक नवल घडलं. स्वयंपाकघरात औषधाच्या दुकानातून आलेलं कॅलेंडर आहे. जानेवारीच्या पानावर बर्फात बुडालेलं चिमुकलं गाव, मध्ये मनोरा, मनोऱ्यात घंटा. मी खुर्चीवर चढून चष्मा लावून पाहिलं. सहावी 'अ'मधली कविता, जशीच्या तशी!

"बाबा, खाली उतरा आधी!" निकिता ओरडली.

५ जानेवारी

तीन दिवस मी एकच धोशा लावला. ते गाव रेल्वेनं दीड तासावर आहे. निकिता म्हणे, सुट्टी नाही. मी म्हटलं, मी एकटा जातो.

ती हसली, मग रडवेली झाली. जावई रोहित भला माणूस आहे, जेवताना तोच म्हणाला, "जाऊ दे की त्यांना. एक रात्र राहतील आणि येतील. बघ तरी."

बराच वेळ नवराबायकोची खुसपूस चालली. शेवटी निकिता माझ्यासमोर येऊन बसली. "ठीक आहे. एकट्यानं जायचं, एक रात्र राहायचं, परत यायचं. कोणाचा मला फोन येता कामा नये. नीट परत आलात तर घराचा विषय मी पुन्हा कधी काढणार नाही. नाशिकला खुशाल एकटे राहा. पण काही गडबड झाली, तर मी म्हणेन तसं करायचं."

"कबूल," मी म्हटलं.

झोपायला गेल्यावर मात्र हिशेब केला. माझ्या दोन खोल्या मी एका रात्रीवर लावल्या होत्या.

१४ जानेवारी, घंटेगाव

गावाचं खरं नाव लिहीत नाही, कारण तीनदा विचारलं तेव्हा तीन वेगळी उत्तरं ऐकू आली. मी घंटेगाव म्हणतो.

निघताना रोहितनं माझ्या कोटाला एक कार्ड टाचलं. जर्मनमध्ये चार ओळी आहेत. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाला, "तुमचा परिचय, बाबा." परिचय भारदस्त असावा. गाडीत ज्यानं ज्यानं वाचला त्यानं मला जागा दिली, एका बाईनं तर उतरताना गालावरून हात फिरवला.

नदीकाठी एक बाजारगल्ली, तीत दुकानं, शाळा आणि कचेरी. तिथून चढ चढून वर गेलं की दुसरी गल्ली आणि चर्च. मनोरा बरोबर चढाच्या पायथ्याशी. घरं लाकडी पट्ट्यांची, एकमेकांच्या खांद्याला टेकलेली, तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलांसारखी. बर्फावर पाय ठेवला की खडू मोडल्यासारखा आवाज येतो.

एका घराच्या कोपऱ्यावर दगडात आडव्या रेघा आहेत, प्रत्येकीशेजारी साल. पुराच्या खुणा. आपल्याकडे गोदेचं पाणी काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, हे पोरंही सांगतात. यांच्याकडे मारुती नाही, म्हणून बिचारे रेघा मारतात.

आज संक्रांत. तिळगुळाच्या पुड्या बांधून ठेवल्या. प्रत्येक पुडीच्या कागदावर माझा नाशिकचा पत्ता घातला आणि खाली लिहिलं, 'नाशिकला आलात की घरी या.' परगावी गेल्यावर एवढी रीत पाळायला हवी. मनोऱ्याचं दार बंद होतं. उद्या सकाळी बघतो. आतापर्यंत कसलीही गडबड नाही.

१५ जानेवारी, घंटेगाव, पोलीस चौकी

इथली कॉफी चांगली आहे. निकिता येईपर्यंत लिहितो.

सवयीनं पहाटेच उठलो. बाहेर अजून अंधार होता. मनोऱ्याचं दार लोटलेलं दिसलं. आत गेलो तर वरून जाड दोर खाली आलेला, टोकाला लाकडी मूठ, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. वर काळोखात घंटा. आता दारात घंटा दिसल्यावर आपल्या माणसाचा हात वर जातो, तसा माझा गेला. देवळात शिरताना 'वाजवू का' म्हणून कोण विचारतं?

पहिला टोला पडला आणि अंगावर काटा आला. रुळाचा आवाज टणक असतो. हा आवाज खोल विहिरीत हंडा बुडावा तसा, आधी पोटात शिरला, मग कानात. त्यानंतर माझं मला कळलं नाही. हात अडतीस वर्षांचा झाला. टण्ण, टण्ण, टण्ण, थांबून घणघणघण… पुरी घंटा दिली.

बाहेर आलो तर काय सांगू! घराघरात दिवे लागलेले. सगळं गाव बाहेर. झोपेच्या कपड्यांवर कोट घातलेले, प्रत्येकाच्या हातात एक पिशवी, भरलेली, जणू रोज तयारच ठेवलेली असावी. एका म्हाताऱ्यानं भिंतीवरचं घड्याळ काखेत मारलेलं. एका बाईच्या हातातल्या खोक्यात कासव. सगळे चढावरून वरच्या गल्लीकडे निघाले होते, आणि कोणी काही बोलत नव्हतं. पाहुण्याच्या एका घंटेला एवढा मान! माझे डोळे भरून आले.

चढावर जरा गर्दी झाली, तेव्हा मी हात वर केला. "रांगेत! रांगेत चला, ढकलू नका!" शब्द कळले नसतील, पण हात कळला. सरळ दोन रांगा लागल्या. सहावी 'ब'नं अडतीस वर्षांत अशी रांग कधी लावली नाही.

वर चर्चच्या अंगणात सगळे थांबले आणि नदीकडे बघू लागले. नदी आपली शांत, काठाला बर्फ धरून पडलेली. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मला वाटलं, हीच वेळ. "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत पुड्या वाटायला लागलो. लोकांनी घेतल्या. घड्याळवाल्या म्हाताऱ्यानं लाडू चावून बघितला आणि मोठ्यानं काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "तीळ. नवसाबाईनं केलेत."

तेवढ्यात खालून एक बाई धावत आली. साठी उलटलेली, हातात पावाची पिशवी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मनोरा तिच्याच ताब्यात असतो. नाव उच्चारता येत नाही, म्हणून मी मनोरेबाई म्हणतो. मला वाटलं, आता ही ओरडणार. पण तिनं माझा उजवा हात धरला आणि तळवा दिव्याखाली उलटा करून बघितला. तिथला सळईचा घट्टा अजून गेलेला नाही. मग तिनं स्वतःचा तळवा माझ्यासमोर धरला. तिथंही तस्साच.

मी खुणेनं सांगितलं, शाळा भरल्याची दिली, आता सुटल्याची देतो. दोराकडे निघालोही. पण पोलिसानं माझं कार्ड वाचलं, हळूच कोपर धरलं आणि इथं आणून बसवलं. एक घंटा राहून गेली. सकाळपासून तळहाताला खाज सुटली आहे.

१६ जानेवारी

निकिता मला घेऊन परतली. घरी आल्यावर बोलली.

"बाबा, एक रात्र! फक्त एक रात्र सांगितली होती!"

"रात्र नीट गेली. सकाळचं काही ठरलं नव्हतं."

रोहित उठून बाल्कनीत गेला. त्याचे खांदे हलत होते. निकिता मात्र हसली नाही.

"ती पुराची घंटा होती, बाबा. पूर आल्याशिवाय तिला कोणी हात लावत नाही. त्या लोकांना वाटलं, नदी आली. म्हातारी माणसं, लेकरं, बर्फात! कोणी पडलं असतं म्हणजे?"

तो सगळा मान माझ्यासाठी नव्हता, हे तेव्हा कळलं. पुराची घंटा! सगळ्यांच्या पिशव्या भरलेल्या का होत्या, तेही. शिपायानं चुकीची घंटा देणं म्हणजे काय, हे निकितापेक्षा मला जास्त कळतं.

"फेब्रुवारीत नाशिकला जाऊ," ती म्हणाली, "घराचं उरकून टाकू." आणि मी कबूल केलेलं होतं.

३० जानेवारी

घंटेगावच्या कचेरीतून आतापर्यंत चार पत्रं आली आहेत. निकिता वाचते आणि कपाळाला हात लावते. आज रोहितनं मला अर्थ सांगितला. सांगताना तो दोनदा पाणी प्यायला.

तिथं फार जुना नियम आहे. ज्या हातानं पुराची घंटा दिली, त्याच हातानं पाणी ओसरल्याची घंटा द्यायची. दुसऱ्यानं दिलेली चालत नाही. तोवर गाव पुरात धरायचं.

"म्हणजे?"

"म्हणजे बाबा, पंधरा दिवस झाले, गाव कागदोपत्री पाण्याखाली आहे. खालचा बाजार बंद. पोस्टमन टपाल वरच्या दफनभूमीच्या फाटकात आणून देतो. एका जोडप्याचं लग्न नोंदवायचं राहिलंय, कारण कचेरी बुडालेली. साहेब कोरड्या कचेरीत जातात, कोरडं रजिस्टर बघतात आणि परत येतात."

"आणि शाळा?"

"शाळा पण खालच्याच गल्लीत. बंद."

जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांत माझ्यामुळे एक तास बुडाला नाही, आणि आता आख्खी शाळा!

"मला घेऊन चल," मी निकिताला म्हटलं. "एक घंटा द्यायची आहे. पाच मिनिटांचं काम."

"पुन्हा तिकडे? मुळीच नाही. हा पोरखेळ आहे त्यांचा. तिकिटं झालीत आपली." तिनं तिथंच उत्तर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि पाठवून दिलं. काय लिहिलं ते सांगितलं नाही. नंतर उगाच माझ्या अंगावर शाल घालून गेली. थंडी नव्हती.

२१ फेब्रुवारी, नाशिक

घर दिनेश घेणार आहे. अंबडच्या कारखान्यात असतो, बायको, दोन मुलं. चांगला मुलगा आहे. माझ्या कवितेच्या वह्यांच्या फळीची त्यानं टेपनं मापं घेतली. तिथं टीव्ही बसतो.

माझ्या दाराला बाहेरून दोरी आणि आत छोटी पितळी घंटा आहे. "ही काढून बटण बसवू," दिनेश म्हणाला. त्याचं चूक नाही.

नवसाबाई दारात उभी राहून बघत होती. "मामा, तुम्ही गेल्यावर आता मी दार कोणाचं फोडू?" म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून घरात गेली.

तळहाताची खाज अजून आहे. डॉक्टरांनी मलम दिलं. मलमाचं हे काम नाही.

२४ फेब्रुवारी, नाशिक

चार वाजता दिनेश सह्यांसाठी येणार होता. टेबलावर कागद मांडून निकिता बसली होती. मी खिडकीशी. चारला दहा कमी असताना दाराची घंटा वाजली.

"आला वाटतं दिनेश," निकिता म्हणाली.

पण मी उठून उभा राहिलो होतो. लोक दोरीला नुसता हिसका देतात. ही घंटा तशी वाजली नाही. एक टोला, पुरता विरू दिलेला, मग दुसरा. दोर माहीत असलेल्या हाताची होती ती.

दार उघडलं. मनोरेबाई! लोकरीचा कोट हातावर, पायात बर्फातले बूट, उन्हानं तोंड लालबुंद. मागं एक रिक्षावाला, तिची पिशवी घेऊन. तिच्या हातात माझ्या तिळगुळाच्या पुडीचा कागद होता.

"मामा, स्टेशनवरून थेट आणलं, कुठं विचारायचं काम नाय," रिक्षावाला म्हणाला. "पत्ता मराठीत. म्हटलं, ह्या बाईला आपल्या भाषेत कोणी लिहून दिलं? तर ह्या नुसतं गेणूमामा, गेणूमामा करत्यात. खाली 'घरी या' लिहिलंय, मग आणलं घरी."

निकिता आली आणि दोघी उंबऱ्यातच जर्मनमध्ये बोलायला लागल्या. आधी निकिताचा आवाज चढा होता. मग उतरला. मग नुसती मनोरेबाई बोलत होती. निकिताची मान खाली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"मी त्यांना कळवलं होतं…" निकितानं माझी बाही धरली. "कळवलं होतं की माझ्या वडिलांना आता काही आठवत नाही. तर गावानं सभा घेतली. म्हणे, माणूस येऊ शकत नसेल तर दोर घेऊन जा. डोक्याला नसेल आठवत, हाताला आठवतं."

मनोरेबाईनं पिशवीतून दोर काढला. वावभर लांब, टोकाला तीच गुळगुळीत मूठ. उरलेला दोर मनोऱ्यात आहे म्हणे. मी इथं ओढायचा, तिथं कचेरीतला साहेब त्याच क्षणी ओढणार, आणि वाजवणारा हात माझाच मानणार. असा ठराव झाला आहे. तिनं फोन उभा करून दाखवला. तिकडे सकाळ होती. मनोऱ्याखाली सगळं गाव, आणि पुढं मुलं, पाठीला दप्तरं. दोन रांगा, सरळ.

निकितानं त्या रांगांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तिनं टेबलावरचे कागद गोळा केले, फळीवर माझ्या वह्यांखाली सरकवले आणि दिनेशला फोन लावला. "आज नको. नंतर कळवते… नाही, नक्की नाही सांगता येत."

फोन ठेवून म्हणाली, "पाहुण्या उभ्या आहेत, बाबा. चहा ठेवा. गॅस तुम्हीच लावा."

लावला. दूध ठेवलंय. मनोरेबाई खुर्चीत बसून दोर मांडीवर घेऊन वाट बघते आहे. फोनमधली मुलं थंडीत पाय आपटताहेत. निकिता स्वयंपाकघराकडे पाठ करून बसली आहे. मुद्दाम बसली आहे, हे मला कळतं.

दूध वर येईपर्यंत एवढं लिहिलं. कडेला फेस धरायला लागलाय, इथून दिसतोय. आता उठतो. आधी गॅस, मग घंटा.